परग्रहावरच्या पाहुण्याला पाणी

माझ्या पुतणीने तिच्या फिल्ममध्ये मला राक्षसाचं काम दिलं तेव्हा घरात कुणालाच नवल वाटलं नाही. माझी बायको म्हणाली, "चला, मेकअपचा ताप वाचला." मी एसटीत कंडक्टर आहे. भंडारा-तुमसर मार्गावर ओरडून ओरडून आवाज फाटलेला, भुवया आमच्या घराण्याच्या, म्हणजे दोन्ही मिळून एकच, आणि दारात लटकणाऱ्या पोट्ट्यांकडे बघून बघून नजर कायमची वाकडी झालेली. तरी थोडं वाईट वाटलंच. आपल्याला निदान डॉक्टरचं काम मिळेल अशी माझी समजूत होती.

"राक्षस नाही हो काका," पुतणी म्हणाली. "दुसऱ्या ग्रहावरचा जीव आहे तो. माणसाचं रूप घेऊन घरात घुसते. कोण माणूस आन् कोण तो, हे कोणाले समजतच नाही. तेच त भेव आहे."

"मंग मलेच काहून घेतलं?"

"तुम्ही रविवारी मोकळे असता."

ती आणि तिची आई, म्हणजे माझी वहिनी, वैनगंगेच्या काठावर कारध्याला राहायच्या. मी पुलाच्या अलीकडे, भंडाऱ्यात. माझा मोठा भाऊ त्याच घरातून रोज सकाळी डोंगा घेऊन नदीत जायचा, आमच्या बापासारखाच, आणि बाजार भरायच्या आत मच्छी घेऊन परत यायचा. चार वर्षांपूर्वी अंगणात जाळं वाळत घालता घालता तो खाली बसला तो उठलाच नाही. तेव्हापासून त्या घरात दोघीच. पुतणी नागपूरला शिकून आली, लग्नाच्या शूटिंगला कॅमेरा धरायला लागली, आणि मग पुण्याला जाऊन सिनेमाचं शिक्षण घ्यायचं खूळ तिच्या डोक्यात शिरलं. प्रवेशासाठी स्वतः केलेली छोटी फिल्म पाठवायची होती.

वहिनी म्हणाल्या, "फिल्म कर. पुण्याचं नंतर पाहू."

आमच्या घराण्यात 'नंतर पाहू' म्हणजे नाही. माझी मोटारसायकल, धाकट्या बहिणीचं नर्सिंग, बापाच्या गुडघ्याचं ऑपरेशन, सगळं आम्ही नंतर पाहिलं. पण वहिनींच्या बोलण्यामागचं कारण वेगळं होतं, आणि ते कुणी तोंडाने म्हणत नसलं तरी सगळ्यांना ठाऊक होतं. दोन माणसांच्या घरातून एक गेलं की एकच उरतं. पुतणीला जायचं होतं, पण आईने मनापासून हो म्हटल्याशिवाय तिचा पाय निघणार नव्हता. भांडून निघून गेली असती तर सोपं होतं, पण या दोघींना भांडता येत नाही. घराण्यातला तो सगळा वाटा एकट्या माझ्याकडे आला आहे.

तर फिल्म. आधी तिने आम्हाला अभ्यासाला बसवलं. लॅपटॉपवर तसल्या दोन-तीन विदेशी फिल्म दाखवल्या. सगळीकडे लोखंडी खोल्या, लाल दिवे, बाहेर पडायला वाट नाही, आणि घामेजलेली माणसं एकमेकांकडे टकमक बघतायत. आपल्यातलाच एक जण आता आपला राहिलेला नाही, हे सगळ्यांना कळलेलं, पण तो कोण ते कुणालाच माहीत नाही. खरं सांगतो, मी पाय वर घेऊन बसलो होतो. वहिनी शेजारी लसूण सोलत होत्या.

"हे लोकं जेवतात कधी?" त्यांनी विचारलं.

"आई, त्याईच्या जिवावर बेतलं आहे. जेवण कोणाले सुचन?"

"त्या दुसऱ्या ग्रहावरच्याले त लागली असन ना भूक. इतक्या दुरून आला बिचारा."

पुतणीने लॅपटॉप बंद केला.

आमच्याबरोबर शेजारचे दादाजीही बसले होते. हे चिखल्याच्या मँगनीज खाणीत उभी नोकरी जमिनीखाली काढून निवृत्त झाले आणि नदीची हवा खायला कारध्यात घर बांधून राहिले. धिप्पाड माणूस, पण पालीला भितात. त्यांचं मत असं पडलं की ही फिल्म लिहिणारा कधी खाणीत उतरलेला नाही. "एवढा संशय घेतला असता त आमचा डबाच खाऊन झाला नसता," ते म्हणाले. "खाली अंधारात ज्याच्या त्याच्या डब्यात ज्याचा त्याचा हात." पण फिल्ममध्ये काम आहे म्हटल्यावर त्यांनी लगेच होकार दिला. अट एकच, त्यांना मारायचं नाही, कारण नातवंडं बघणार होती.

गोष्ट पुतणीने स्वतः रचली होती आणि चांगली होती. आकाशातून काहीतरी पडतं. त्याच दिवशी वैनगंगेला पूर येतो आणि एका घराला चारी बाजूंनी पाणी वेढतं. मोबाइलला रेंज नाही. घरात एक बाई आणि आसऱ्याला आलेला शेजारी. बाईचा दीर मदत आणायला डोंगा घेऊन गेलेला. त्या पडलेल्या जिवाला पाऊस चालतो, पण नाकातोंडात पाणी गेलेलं सोसत नाही, म्हणून तोही तिथेच अडकतो, माणसाच्या रूपात. शेजारी खरा का? परत आलेला दीर खरा का? बाई कुणावरच विश्वास ठेवत नाही, आणि शेवटी दीर दारात उभा असताना ती त्याच्या तोंडावर दार लावून घेते. तो बाहेर, पूर बाहेर, ती आत एकटी. फिल्म संपली.

पुराची दृश्यं पुतणीने श्रावणातच पुलावरून घेऊन ठेवली होती. बाकीचं सगळं घरात, भरदिवसा, खिडक्यांना गोधड्या लावून. पावसाचं खातं माझ्या बायकोकडे होतं. दाराबाहेर मी उभा, माझ्यामागे ती बादली घेऊन, आणि 'अ‍ॅक्शन' ऐकू आलं की भडाभड माझ्या डोक्यावर. लग्नानंतर तिला इतक्या मनापासून काम करताना मी पाहिलं नव्हतं. एकदा तर अ‍ॅक्शन म्हणायच्या आधीच बादली पडली. विचारलं तर म्हणाली, "रिहर्सल."

पहिलं दृश्य माझं. चिंब भिजलेला, पायरीवर उभा, नजर शून्यात. वहिनी दार किलकिलं करणार, घाबरणार आणि विचारणार, "तुम्ही खरंच भाऊजीच ना?" मी नुसता बघत राहणार.

वहिनींनी दार सताड उघडलं. मला पाहिलं. आत वळल्या आणि पितळेचा गडवा भरून घेऊन आल्या.

"पाणी घ्या," त्या म्हणाल्या.

मी घेतलं. मला तरी काय सुचणार! हात आपोआप पुढे गेला.

"कट! आई, तू त्याले भेते ना? मंग पाणी कायले देऊन राहिली?"

"अवं, भाऊजी भिजून आले."

"भिजलेल्या माणसाले पाणी?"

"मंग काय देऊ, टावेल?"

पुढच्या टेकला टॉवेल आला. त्याच्या पुढच्या टेकला टॉवेलही आला आणि गडवाही आला. आमच्याकडे दारात कुणी उभं राहिलं की आधी पाणी, काम मागाहून विचारायचं. मतं मागणारा येवो, मीटर बघणारा येवो, नाहीतर ज्याच्याशी वर्षभर अबोला आहे तो चुलतभाऊ येवो, पाणी आधी. पाणी दिलं म्हणजे त्याचं ऐकलं असं नाही. पाणी दिल्यावर भांडायला हरकत नसते, मी स्वतः कित्येकदा भांडलो आहे. पण कोरड्या घशाने कुणाला दारातून परत पाठवणं हे वहिनींच्या हातापायांनाच माहीत नव्हतं.

पुतणीने गडवा लपवला. वहिनी दृश्य चालू असताना सरळ स्वयंपाकघरात गेल्या आणि स्टीलचा पेला घेऊन आल्या. तोवर कॅमेरा दाराकडेच, आणि दारात परग्रहावरचा जीव शिंकतोय.

दादाजींची आणखी वेगळी तऱ्हा. त्यांनी धडपडत आत यायचं, दार ओढून घ्यायचं आणि वहिनींकडे संशयाने बघत म्हणायचं, "माझ्याजवळ येऊ नका." ते यायचे ते हात जोडून, "जयभीम, वहिनी." वहिनी म्हणायच्या, "जयभीम दादाजी, बसा." आणि दादाजी बसायचे. एकदा तर दोघांची नातवंडांच्या सर्दीवर चर्चा सुरू झाली, आणि मला वाटलं हे संवाद मी वाचलेच नव्हते की काय.

"दादाजी, तुम्ही वहिनीवर संशय घ्या ना," मी म्हटलं.

"कसा घेऊ? मले गावात राहाचं आहे," ते म्हणाले.

रविवार असा गेला. मग दुसराही तसाच गेला. फिल्म पाठवायची मुदत जवळ येत चालली आणि पुतणी बोलेनाशी झाली. त्या संध्याकाळी मला ती अंगणात घेऊन गेली. माझ्या भावाचं जाळं अजून तिथेच खुंटीला टांगलेलं आहे.

"काका, आई हे मुद्दाम करून राहिली का?"

मी म्हटलं, "येडी आहेस का?" पण खरं सांगायचं तर हाच किडा माझ्याही डोक्यात आधीच्या रविवारपासून वळवळत होता. फिल्म झाली नाही तर पुणं नाही. पुणं नाही तर पोरगी घरात. वहिनींना नकार द्यावाच लागणार नाही, नुसतं पाणी देत राहिलं की झालं. मी बसमध्ये उभा राहून याच्यावर इतका विचार केला की माझं तिकिटांकडे लक्ष राहिलं नाही. एवढ्या वर्षांत ज्या बाईने मला कधी अर्धी भाकरीसुद्धा लपवून वाढली नाही, तिच्याकडे मी 'हिच्या आत कोण आहे' अशा नजरेने बघायला लागलो होतो. पुतणीची फिल्म कॅमेऱ्यात उतरत नव्हती, पण घरात मात्र फार छान उतरली होती. मला स्वतःचाच राग आला.

वहिनी दारात उभ्या होत्या. त्यांनी ऐकलं होतं. रागावतील असं वाटलं, पण त्या पायरीवर बसल्या आणि पदराने हात पुसत राहिल्या.

"मुद्दाम नाही वं बाई," त्या म्हणाल्या. "मी दार लावाले जातो, आन् मनात येते, तो खरंच आपला असला त? भिजून आला, थकून आला, आन् आपण दार लावलं त? मंग जलमभर काय करावं?"

 पुतणीचे डोळे लुकलुकायला लागले. हे डोळे मी ओळखतो, माझ्या भावाला नदीत मोठा मासा हलल्याची चाहूल लागली की असेच व्हायचे.

"दे मंग पाणी," ती म्हणाली. "सगळ्याईले दे. त्या जिवाले पाणी सोसत नाही ना? तो पाणी पिऊच शकत नाही. दारात आला त्याले पाणी द्याचं, आन् पाहाचं. पेला त माणूस. नाही पेला त..."

"बाप्पा!" दादाजी कुंपणापलीकडून म्हणाले. तेही ऐकत होतेच.

तिसरा रविवार म्हणजे काय सांगावं! वहिनी आल्यागेल्याला पाणी द्यायला मोकळ्या झाल्या आणि एकदम नटी झाल्या. गडवा पुढे करायच्या आणि समोरच्याच्या घशाकडे अशा बघायच्या की दादाजींनी आधी स्वतःचा गळा चाचपून पाहिला. त्यांनी जयभीम म्हटलं, बसले, पाणी हातात घेतलं आणि घशातून गटकन आवाज येईपर्यंत आम्ही सगळ्यांनी श्वास रोखून धरला होता. जे काम त्या लोखंडी खोल्यांनी आणि लाल दिव्यांनी केलं, ते आमच्याकडे भंडाऱ्याच्या बाजारातल्या एका पितळी गडव्याने केलं. पुतणी कॅमेऱ्यामागे नाचत होती.

शेवटी माझं मोठं दृश्य. मी दारात येणार, वहिनी पाणी देणार, मी गडवा ओठांपर्यंत नेणार, पण पिऊ शकणार नाही. पाणी हनुवटीवरून खाली ओघळेल, आणि वहिनी दार लावतील. मी घरी आरशासमोर न पिण्याची खूप तयारी केली होती. पण कधी मी ठसकायचो, कधी बायकोची बादली चुकायची, कधी गोधडी पडून उजेड आत यायचा. मी आणलेले सगळे शर्ट भिजून दोरीवर लटकले. ओल्या शर्टात दारामागे उभा राहिलो की दृश्य सुरू व्हायच्या आधीच मला शिंका, म्हणून दर टेकला कोरडा शर्ट लागायचा. आता कोरडा शर्ट कुठून आणायचा?

वहिनी आत गेल्या. पेटी उघडल्याचा आवाज आला. त्या एक निळ्या चौकड्यांचा शर्ट घेऊन आल्या आणि माझ्या हातात दिला. माझ्या भावाचा. बाजाराच्या दिवशी तो घालायचा तो. मी घातला. मला अगदी बरोबर बसला, आणि ते मला त्या क्षणी मुळीच आवडलं नाही. दादाजींनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि गोधडी नीट करायला लागले. पुतणी कॅमेऱ्यातच डोकं घालून बसली होती. म्हणाली, "जा काका दारामागं."

बादली पडली. मी दार वाजवलं.

वहिनींनी दार उघडलं. आत अंधार होता आणि माझ्यामागून उजेड येत होता, त्यामुळे त्यांना माझा चेहरा किती दिसला असेल सांगता येत नाही. भुवया दिसल्या असतील, शर्ट दिसला असेल. त्यांनी विचारायचं होतं, 'तुम्ही खरंच भाऊजीच ना?'

"आले का?" त्या म्हणाल्या.

 माझा भाऊ नदीवरून आला की त्या रोज हेच म्हणायच्या, याच दारात, याच आवाजात.

"किती उशीर केला बाप्पा," त्या म्हणाल्या. गडवा त्यांच्या हातात होता, पण त्यांनी तो अजून पुढे केला नव्हता. "पोरीले पुण्याले जाचं आहे. मी नंतर पाहू, नंतर पाहू म्हणत होती. मले एकटीले घर खाईन म्हणून मी तिले धरून ठेवलं. तुम्ही त कोणालेच धरून ठेवत नव्हते. जाऊ देऊ तिले. शेजार आहे, भाऊजी आहेत, नदी आहे. चालन मले." मग त्यांनी गडवा पुढे केला. "घ्या. पाणी घ्या."

मी पाणी प्यायलो. सगळा गडवा, एका दमात, तळाशी थेंब ठेवला नाही. परग्रहावरचा जीव, माझी तयारी, पुतणीची फिल्म, काहीच डोक्यात राहिलं नाही. त्या हातातून आलेलं पाणी हनुवटीवरून सांडायची माझी ताकद नव्हती. रिकामा गडवा मी परत दिला तेव्हा मी रडत होतो, आणि डोक्यावरून अजून पाणी गळत होतं म्हणून निभावलं. वहिनींनी गडवा घेतला, मला पुरतं एकदा पाहून घेतलं आणि हळूच दार लोटलं. कडी मात्र लावली नाही.

कट कुणी म्हणेना.  शेवटी आतून दादाजींचा रडवेला आवाज आला, "अवो, कट म्हणा ना कोणीतरी!"

मी आत गेलो तर मायलेकी जमिनीवर बसलेल्या होत्या आणि पुतणीचं डोकं आईच्या मांडीवर होतं. दोघी एकदम हसतही होत्या. मी म्हटलं, "फिल्मची वाट लावली मी. पाणी पिऊन बसलो. पुन्हा करू."

"नाही काका," पुतणी नाक पुसत म्हणाली. "आता हेच राहू द्या."

तिने ते बोलणं फिल्ममध्ये ठेवलं नाही. तिथे पुराचा आवाज टाकला. वहिनींचे ओठ हलताना दिसतात, काय बोलतात ते ऐकू येत नाही, आणि मग तो समोरचा पाणी पितो आणि बाई तरीही दार लावते. फिल्म पाठवायच्या आधी आम्ही ती अंगणातल्या भिंतीवर सगळ्या गल्लीला दाखवली. दादाजींची नातवंडं आजोबा मेले नाहीत म्हणून खूश. बाकीच्यांची जुंपली. तो पाणी पेला म्हणजे माणूसच, असं अर्ध्या लोकांचं म्हणणं. त्या जिवाला आता पाणी प्यायलाही जमायला लागलं, म्हणजे आता काही खरं नाही, असं उरलेल्यांचं. माझ्या बसमध्ये अजून एखादा कारध्याचा माणूस तिकीट घेताना हळूच विचारतो, "कंडक्टर साहेब, खरं सांगा, तुम्ही तो होते का नव्हते?" मी त्याला पुढे सरकायला सांगतो.

पुतणीची निवड झाली. ती गेली त्या दिवशी वहिनी रडल्या नाहीत, मी रडलो, आणि बायकोने सगळ्यांना सांगितलं की याला सवय लागली आहे.

आता मी दर रविवारी पूल ओलांडून कारध्याला जातो. दादाजी आधीच येऊन बसलेले असतात. माझी चाहूल लागली की वहिनी दार उघडतात, आणि त्यांच्या एका हातात गडवा असतो आणि दुसऱ्या हातात मोबाइल, त्यात पुण्याहून पुतणीचं तोंड. मी दारातच उभा राहून सगळं पाणी पितो. वहिनी माझ्या घशाकडे बारीक लक्ष ठेवून असतात, आणि गडवा रिकामा झाला की मोबाइल तोंडाजवळ नेऊन सांगतात, "पेले वं. माणूसच आहेत."